जमीन ओळखणारं पाऊल

गावोगावच्या जत्रांत पोरं ज्या जाळीवर बागडतात, तिचीच छोटी आवृत्ती आता व्यायामासाठी घरात येऊ लागली आहे. मीटरभर रुंदीचं मिनी ट्रॅम्पोलिन. गुडघ्यांना धक्के नकोत म्हणून माणूस ते आणतो, काही दिवस हौसेनं उडतो आणि एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकताच टाचेत कळ येते. डांबरी रस्त्यानं पाय दुखले तर समजू शकतं. पण मऊ जाळीवर ते का दुखावेत?

धक्का जास्त बसतो म्हणून? नाही. १९८० साली नासाशी संबंधित संशोधकांनी आठ तरुणांच्या घोट्याला, पाठीला आणि कपाळाला मापकं लावली. ट्रेडमिलवर पळताना घोट्याला बसणारा हिसका पाठीला आणि कपाळाला बसणाऱ्या हिसक्याच्या दुपटीहूनही अधिक भरला. ट्रॅम्पोलिनवर मात्र तिन्ही ठिकाणचे आकडे जवळजवळ सारखे! म्हणजे जाळी आपलं काम चोख करते. मग उत्तर पायातच शोधायला हवं.

आणि काय पाय आहे हा! शरीरात २०६ हाडं. त्यांतली ५२ दोन पावलांतच. म्हणजे चौथा हिस्सा! प्रत्येक पावलातली २६ हाडं मिळून एक कमान उभी राहते आणि तिच्याखाली टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टी ताणलेली असते. तिची करामत आत्ताच पाहा. खुर्चीत बसा, पाऊल जमिनीवर सैल ठेवा आणि पायाचा अंगठा हातानं वर उचला. कमान आपोआप उंचावली ना? विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला की पोहरा वर येतो, तशी बोटं वळली की पट्टी त्यांच्या मुळाशी गुंडाळली जाते आणि कमान वर ओढली जाते. हिक्स नावाच्या संशोधकानं १९५४ साली हे दाखवून दिलं. टाच उचलून चवड्यावर येताना दर पावलाला हे घडतं, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

ही कमान स्प्रिंगही आहे. भार आला की ती किंचित चपटी होते, सुटला की उसळते. १९८७ साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: धावताना दर पावलाला जेवढी ऊर्जा खेळते, तिच्यापैकी सुमारे १७ टक्के कमानीत साठते आणि ३५ टक्के टाचेमागच्या जाड शिरेत. म्हणजे निम्मी ऊर्जा आपण फुकटात परत मिळवतो!

पण खरी कमाल पुढे आहे. आषाढी जवळ आली की शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणीतून गोदावरी ओलांडून गंगाखेडला, जनाबाईंच्या गावाला येते आणि पंढरीची वाट धरते. या वाटेवर पायांखाली काय काय येतं, आठवून पाहा. तापलेलं डांबर, कडेचा मुरूम आणि पाऊस पडून गेला असेल तर परभणीची ती काळी कसदार माती, जी वैशाखात भेगाळून दगडासारखी असते आणि मृगात पाय गिळते. डांबरावरून मातीत उतरलेला वारकरी अडखळतो का? टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळताना त्याचा ठेका चुकतो का? नाही. का नाही?

कारण पाय जमीन ओळखतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत फेरिस आणि फार्ली यांनी माणसांना टणक आणि लवचिक पृष्ठभागांवर उड्या मारायला लावलं, धावायला लावलं. दिसलं असं, की जमीन मऊ झाली की पाय ताठ होतात आणि जमीन टणक झाली की पाय मऊ होतात. जमीन आणि पाय मिळून होणारा लवचिकपणा जवळजवळ तोच राहतो. आणि ही जुळवाजुळव व्हायला किती पावलं लागतात? धावणाऱ्यांनी नव्या पृष्ठभागावरच्या पहिल्याच पावलात ती केली! उड्या मारताना या ताठरपणाचा मुख्य भार घोटा उचलतो.

आता कळीचा मुद्दा उलगडला. जाळी जितकी मऊ, तितका घोटा ताठ. घोटा ताठ ठेवायचा तर पोटरी आणि टाचेमागची शीर ओढ घेणार. त्यात जाळी पावलाखाली खोलगट होते, पाऊल आत-बाहेर कलू पाहतं आणि ते सावरायला तळव्याचे बारीक स्नायू राबतात. तुम्हाला वाटतं जाळी उडवते आहे आणि आपण आराम करतो आहोत. पाय मात्र जादा पाळी करत असतात!

हे एकदा समजलं की उपाय सरळ दिसू लागतात. सुरुवातीला उंच उडूच नका. तळवे टाचेसकट जाळीवर टेकलेले ठेवा आणि वर उसळण्याऐवजी जाळी खाली दाबा. पोटरीची ओढ कमी होते. उभे राहा मधोमध, कारण कडेला उतार असतो आणि घोटा मुरगळतो. बोटांनी जाळी घट्ट धरली जाते आहे का, तेही बघा. ती सैल सोडा, नाहीतर तळव्यात गोळा येतो. नुसते मोजे घालू नका, ते घसरतात. पाय निरोगी असतील तर अनवाणी चालेल. तळवे सपाट असतील किंवा टाच आधीच दुखत असेल तर कमानीला आधार देणारे हलके बूट बरे.

आणि सबुरी हवी. दम आणि स्नायू लवकर तयार होतात. पट्ट्या आणि शिरा सावकाश. म्हणून पाच मिनिटांपासून, एक दिवसाआड सुरू करा. आधी-नंतर भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. सकाळी टाच दुखत असेल तर अंथरुणातच बोटं हातानं मागे ओढून तळवा ताणा, मगच उठा. दुखणं काही आठवडे टिकलं, सूज किंवा बधिरपणा आला, हाडावर एकाच ठिकाणी दुखलं, तर डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर जाळीवर चढण्याआधीच विचारा.

शेवटी एक प्रयोग. थोडा वेळ उड्या मारून खाली उतरा आणि लगेच जमिनीवर एक उडी मारून पाहा. पाय जड वाटतील, उडी खुजी निघेल! कारण इथे जुळवाजुळव पहिल्याच पावलात होत नाही; मेंदूनं पाय अजून जाळीसाठीच ताठ ठेवलेले असतात. म्हणून उतरल्या उतरल्या जिन्याकडे धावू नका, खोलीत चार फेऱ्या मारा. तेवढ्यात पायांनी सगळा हिशेब जमिनीसाठी नव्यानं मांडलेला असतो.