वातानुकूलन, घरातील बुरशी आणि मुलांचे श्वसन

बंद व थंड खोली म्हणजे स्वच्छ खोली, अशी समजूत शहरी कुटुंबांत रूढ झाली आहे. बाहेरील धूळ अडविली जाते, एवढ्यापुरती ती खरीही आहे. परंतु वातानुकूलन यंत्र हवा थंड करताना तिच्यातील बाष्पाचे पाणी करते. आणि ते पाणी कोठे जाते, यावर त्या खोलीत निजणाऱ्या मुलाचे श्वसनस्वास्थ्य काही अंशी अवलंबून असते. या संबंधाचे स्वरूप व त्याविषयीच्या पुराव्याची मर्यादा यांचा येथे विचार करावयाचा आहे.

मुंबईसारख्या किनाऱ्यावरील शहरात हवेचे तापमान ३० अंश सेल्सियस व सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असता दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. यंत्रातील थंड नळ्यांचे तापमान याहून पुष्कळ कमी असल्याने त्यांवर पाणी जमते व खालच्या तबकातून निचऱ्याच्या नळीने बाहेर जाते. निचरा तुंबल्यास हे पाणी तबकात किंवा भिंतीत मुरते. यंत्र खोलीच्या मानाने मोठे असल्यास ते लवकर थांबते. पंखा मात्र फिरत राहतो आणि नळ्यांवरील ओलावा पुन्हा हवेत मिसळतो. शिवाय फटींतून आलेली दमट हवा कपाटामागील गार भिंतीला लागली, की तेथेही ओल धरते. बुरशीचे बीजाणू सर्वत्र असतात आणि अन्न म्हणून त्यांना धूळही पुरते. उणीव असते ती पाण्याची. ती अशा रीतीने भरून निघते.

मुले वजनाच्या मानाने प्रौढांपेक्षा अधिक हवा आत घेतात व त्यांच्या श्वासनलिका अरुंद असतात. प्रवाह संथ व स्तरीय असता त्याला होणारा रोध त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो; म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर रोध सोळापट होतो. यावरून अल्पशा सुजेनेही मुलाला धाप का लागते, हे ध्यानात येईल.

दमट घरांत श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग व दम्याचा प्रकोप यांचा धोका वाढतो, याला पुरेसा पुरावा असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये मान्य केले. तथापि विशिष्ट बुरशीला विशिष्ट रोगाचे कारण ठरविताना सावधगिरी हवी. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १९९३-९४ मध्ये तान्ह्या मुलांना झालेल्या फुप्फुसांतील रक्तस्रावाचा संबंध स्टॅकिबॉट्रिस या काळ्या बुरशीशी जोडण्यात आला होता. फेरतपासणीनंतर २००० मध्ये तो असिद्ध ठरविण्यात आला. त्याच शहरातील एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दमेकरी मुलांच्या काही घरांतील ओलीचे उगम बंद करण्यात आले, भिजलेले साहित्य काढण्यात आले व वातानुकूलनात फेरबदल करण्यात आले. त्यानंतर या गटातील २९ पैकी केवळ एका मुलाला, तर तुलनेच्या गटातील ३३ पैकी ११ मुलांना दम्याचा तीव्र झटका आला. गट लहान असले, तरी या निष्कर्षाची दिशा महत्त्वाची आहे.

सारांश, बुरशीची जात ओळखण्यापेक्षा पाण्याचा उगम शोधणे अधिक फलदायी होय. निचरा वाहता ठेवावा, गाळणी धुवावी आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांखाली राखावी. भिंत नुसती पुसल्याने डाग जातो. ओल राहिली, तर बुरशी परत येते.