सॅन स्टॉर्मचं बॉनेट: विकत मिळत नाही, घडवावं लागतं

परवा वालीवच्या एका फायबर वर्कशॉपमध्ये चक्क सॅन स्टॉर्म उभी दिसली! 1998 मध्ये आलेली, गोव्यात बनलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. इंजिन रेनोचं, बॉडी फायबरग्लासची.

बॉनेटला तडे गेले होते. पत्रा असता तर डेंटरने ठोकून सरळ केला असता. फायबर ठोकता येत नाही आणि नवं बॉनेट विकत मिळत नाही.

म्हणून जुनं बॉनेट भरून, घासून त्यावरून साचा काढतात. खरा खर्च इथेच! पुट्टी, पॉलिश, वॅक्स यातच मजुरी जाते आणि एकच नग काढला तर सगळा भार त्याच्यावर. तिघाचौघा मालकांनी मिळून साचा करावा, असं माझं ठाम मत आहे.

साच्यात आधी जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर. मग फायबरग्लासची मॅट आणि रेझिन यांचे थर. प्रत्येक थरातली हवा रोलरने काढायचीच. राहिली तर उन्हात फोड येतात. आतून बरगड्या हव्यात, नाहीतर हायवेवर बॉनेट थरथरतं.

आपल्या वसईच्या पावसाळ्यात हे काम काढू नका. मॅट ओल धरते, रेझिन नीट पकडत नाही. दिवाळीनंतर करा.

आणि साचा कुणाकडे राहणार, ते कोटेशनवर लिहून घ्या.