गढूळ पाझराची भाषा

जुलै उजाडला की पुण्यात रोजची चौकशी सुरू होते: धरणं किती भरली? पानशेत १०.६५ टीएमसी, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७. मुठा खोऱ्यातल्या या चारही धरणांचे आकडे पुणेकरांना तोंडपाठ असतात. पण धरणांची तब्येत कशी आहे, हे क्वचितच कुणी विचारतं.

हे खोरं म्हणजे एक माळ आहे. आंबी नदीवर पानशेत, मोशीवर वरसगाव, मुठेवर टेमघर आणि या तिन्हींचं पाणी घेणारं खडकवासला. माळेतलं हे शेवटचं धरण सर्वांत लहान आहे. पानशेतचा साठा त्याच्या पाचपटीहून अधिक. वरचं एखादं धरण खचलं, तर खालच्याला ते पाणी पेलणं अशक्य आहे.

१२ जुलै १९६१ रोजी नेमकं हेच घडलं. पानशेतचं काम पुरतं झालेलं नव्हतं, तरी पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. पाणी सोडण्याच्या मोरीचं काम अपुरं होतं आणि तिच्या बांधकामात सळईचा आधार नव्हता. जोराच्या प्रवाहाने मोरीला हादरे बसले आणि तिच्यावरचा मातीचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यामुळे धरण सकाळपर्यंत टिकलं, आणि लोंढा मध्यरात्री न येता दिवसाउजेडी आला. कितीतरी माणसं त्यामुळे वाचली. पण १८७९ साली पूर्ण झालेलं खडकवासला धरणही त्याच दिवशी फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पानशेत फुटलं ते मोरीतल्या दोषामुळे. पावसाने तो दोष फक्त उघडा पाडला.

धरण आजारी आहे, हे कळतं कसं? मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. त्यासाठी भिंतीच्या पोटात वाळू-खडीचे गाळणथर असतात आणि पायथ्याशी चर. चरातलं पाणी व्ही आकाराच्या खाचेतून जातं आणि त्याची उंची रोज नोंदली जाते. पाणी निवळशंख आणि जलाशयाच्या पातळीच्या मानाने नेहमीइतकंच असेल, तर काळजी नाही. ते गढुळलं, की भिंतीच्या आतली माती वाहून चालली आहे असं समजायचं. उतारावरची झुडपं वेळीच काढावी लागतात, कारण मुळं कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. दगडी धरणात निचऱ्याची छिद्रं चुना साचून बुजतात. ती मोकळी केली नाहीत, तर पायाखालचा पाण्याचा दाब वाढतो. सांडव्याच्या दरवाजांना वंगण लागतं, आणि वीज गेली तरी ते उघडायला जनित्र चालू स्थितीत लागतं. या कामांचं उद्घाटन होत नसतं, म्हणून तीच मागे पडतात.

टेमघरने हा धडा अलीकडेच दिला. २०१६ मध्ये त्याच्या भिंतीतून होणारी गळती गाजली. मग धरण रिकामं ठेवून भिंतीत सिमेंटचं ग्राउटिंग आणि पृष्ठभागावर शॉटक्रीटचा थर देण्याचं काम हाती घेतलं गेलं आणि गळती बरीच आटोक्यात आली. चिपळूण तालुक्यातल्या तिवरे गावाला मात्र अशी सवड मिळाली नाही. तिथल्या धरणाच्या गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री ते धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी सक्तीची करतो. देखभालीसाठी निधी राखून ठेवायला आणि आणीबाणीचा आराखडा तयार करायला सांगतो. कायदा चांगला आहे. पण चरापाशी जाऊन पाण्याचा रंग पाहणारा माणूस आणि त्याची नोंद वाचून त्याच दिवशी हालणारा अधिकारी, या दोघांवाचून तो कागदावरच राहील.

यंदा धरण भरल्याची बातमी वाचाल, तेव्हा आपल्या नगरसेवकाला, आमदाराला दोन प्रश्न जरूर विचारा. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत काय आढळलं? आणि त्यातलं किती दुरुस्त झालं? खोऱ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या प्रत्येकाला ही उत्तरं मागण्याचा हक्क आहे.