एका घरांतील तीन मतें

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक आणि आमचें हिवरखेड यांचा संबंध तो काय, असें कोणी विचारील. परंतु वऱ्हाडच्या माणसास तरी हा प्रश्न पडूं नये. १८६० सालीं अब्राहम लिंकन निवडून आले, त्यामुळें बिथरून दक्षिणेकडील संस्थानें फुटून निघालीं, पुढील वर्षीं यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधीं नव्हे तो भाव आला. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि भाव कोसळला. पुढें २०२५ च्या ऑगस्टांत अध्यक्ष ट्रम्प यांनीं हिंदुस्थानांतून जाणाऱ्या पुष्कळशा मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, आणि त्याच महिन्यांत आपल्या सरकारनें परदेशी कापसावरील ११ टक्के आयात कर कांहीं काळापुरता उठविला. पऱ्हाटी ऐन फुलोऱ्यावर असतां ही वार्ता आली. तेव्हां त्या अध्यक्षाच्या नांवाचा उच्चार आमच्या पारावर कसा झाला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

हा झाला पोटाचा संबंध. दुसरा संबंध नात्याचा आहे आणि आज त्याविषयींच लिहावयाचें आहे. आपल्यांतील पुष्कळ घरांचा एखादा तरी मुलगा आतां अमेरिकेंत स्थायिक झालेला असतो. २०२४ च्या नोव्हेंबरांत ५ तारखेस तिकडे अध्यक्षाची निवडणूक झाली आणि २० तारखेस महाराष्ट्रांत विधानसभेची. एकाच आडनांवाचीं माणसें पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन खंडांत मतें देऊन आलीं, आणि तक्रार मात्र दोन्हीकडे एकच : मुलें आमचें ऐकत नाहींत! माझा एक जुना विद्यार्थी तीस वर्षें तिकडे आहे. त्यानें एका उमेदवारास मत दिलें, विशीच्या मुलानें दुसऱ्यास. त्यावरून बापलेकांत आठवडाभर अबोला होता. "गुरुजी, आमची शिकवण कोठें चुकली ?" असें त्यानें मला विचारलें. त्यास जें कळविलें तेंच येथें जरा विस्तारानें मांडतों.

माझा समज असा आहे कीं, मनुष्य आपल्या विसाव्या वर्षाच्या आठवणीनें जन्मभर मत देतो. माझ्या थोरल्या बंधूंचें पहिलें मत १९७७ चें, आणीबाणी उठण्याच्या तोंडावरचें. आजही कोणा सत्ताधाऱ्याचा आवाज चढला कीं दादांना १९७५ चा जून आठवतो. माझ्या पुतण्याची जाण मंडल, अयोध्या आणि १९९१ चें नवें आर्थिक धोरण यांच्या गदारोळांत आली. नातवापाशीं यांतलें कांहींच नाहीं. दादा त्याला अडाणी म्हणतात. पण जन्मापूर्वीं घडलेलें ठाऊक नसणें हें अडाणीपण असेल, तर त्याचा दोष घरांतल्या वडीलधाऱ्यांकडे येतो.

पूर्वीं घराचें मत म्हणजे कर्त्या पुरुषाचें मत. आदल्या संध्याकाळीं त्यानें ओसरीवर बसून सांगावें आणि धाकट्या भावांनीं, लेकीसुनांनीं तेथें शिक्का मारून यावें. ह्याचें एक कारण कायद्यांतही होतें. इंग्रजी अमदानींत मताचा हक्क सारा, मिळकत किंवा शिक्षण यांवर अवलंबून असे. त्यामुळें मत ही शेतावाड्याबरोबर वारशानें येणारी वस्तु वाटे. १९५२ पर्यंत पार पडलेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनें तो पाया काढून घेतला, समजूत तेवढी राहिली.

तरुणांचें मत म्हणजे बांधून ठेवलेलें गाठोडें, हीही तशीच भ्रामक समजूत. व्हिएतनामच्या युद्धांत अठराव्या वर्षीं सक्तीनें धाडतां, मग मत एकविसाव्या वर्षीं कां, ह्या प्रश्नानें अमेरिकेंत १९७१ सालीं घटनादुरुस्ती झाली. नवे मतदार युद्धविरोधी मॅकगव्हर्न यांना तारतील अशी पुष्कळांची अटकळ होती. १९७२ सालीं निक्सन ५० पैकीं ४९ संस्थानांत विजयी झाले. आपल्याकडे ६१ व्या घटनादुरुस्तीनें अठराव्या वर्षीं मत मिळालें तें १९८९ च्या मार्चांत. तें देणाऱ्या राजीव गांधींच्या पक्षानें त्याच वर्षाअखेर बहुमत गमावलें. २०२० सालीं तिशीच्या आंतील अमेरिकनांनीं बायडन यांना भरभरून मतें दिलीं, २०२४ सालीं त्या वयाचे पुष्कळ मतदार, विशेषतः पुरुष, ट्रम्प यांच्याकडे वळले. ह्यांत नवल नाहीं. त्या वर्षीं अठरा पुरीं झालेला मुलगा २००६ चा. ट्रम्प प्रथम निवडून आले तेव्हां तो दहा वर्षांचा होता. बापाला जें अघटित वाटतें तें मुलाच्या बालपणापासूनचें नित्याचें आहे.

उमेदवारांच्या वयाविषयीं मात्र मला तरुणांचें म्हणणें पटतें. बायडन यांनीं माघार घेतली ती ८१ व्या वर्षीं. ट्रम्प यांनीं २०२५ च्या जानेवारींत शपथ घेतली तेव्हां ते ७८ वर्षांचे होते, इतक्या वयांत ती शपथ आजवर कोणी घेतलेली नव्हती. ययातीनें पुत्राचें तारुण्य मागून घेतलें खरें, पण शेवटीं तें परत केलें आणि राज्यही पूरूला दिलें. हल्लींचे ययाती, तिकडचे आणि इकडचेही, तारुण्य मागतात आणि राज्य सोडीत नाहींत!

परदेशीं गेलेल्या घरांत तर पिढ्यांचें हें अंतर राज्यघटनेनेंच आंखून दिलें आहे. चिकोडीस जन्मलेले व बेळगांवीं वाढलेले श्री ठाणेदार २०२२ सालीं मिशिगनमधून अमेरिकन काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून गेले, २०२४ सालीं पुन्हां गेले; परंतु अध्यक्षपद त्यांना बंद आहे, कारण तेथें जन्मतः नागरिक असावें लागतें. माझ्या विद्यार्थ्यासही तें बंद, आणि त्याच्या तेथेंच जन्मलेल्या मुलास पस्तिशी गांठतांच खुलें. ज्या देशाचा अध्यक्ष होण्याचा त्याला हक्क आहे, त्या देशाचा अध्यक्ष निवडतांना त्यानें बापास विचारावें तें किती ?

ह्या विद्यार्थ्याचें स्वतःचें पहिलें मत १९८९ चें, अठराव्या वर्षाच्या नव्या हक्काचें. तें त्यानें वडिलांच्या आज्ञेविरुद्ध दिलें होतें. त्याचे वडील तेव्हां संतापून माझ्याकडेच गाऱ्हाणें घेऊन आले होते. पत्राच्या शेवटीं मीं त्याला एवढेंच विचारलें कीं, ही हकीकत तूं मुलाला कधीं सांगितलीस काय ? त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.