कॅन्यन लॉज ते टू गन्स : एका उजाड थांब्याचा इतिहास

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फ्लॅगस्टाफ आणि विन्स्लो या गावांच्या मधल्या माळरानावर, घळीच्या काठाला दगडी भिंतींचे काही सांगाडे उभे आहेत. त्यांतल्या एका भिंतीवर ‘माउंटन लायन्स’ ही अक्षरे आहेत. नकाशात या जागेचे नाव टू गन्स. त्याआधी तिला कॅन्यन लॉज म्हणत.

मुळात ही घळ म्हणजे वाटेतला अडसर. १८५३ साली लेफ्टनंट व्हिपल रेल्वेमार्गाची पाहणी करीत येथे आला. सपाट जमीन अचानक दुभंगलेली पाहून त्याच्या तुकडीला लांबचा वळसा घ्यावा लागला. तेव्हा पडलेले नाव ‘कॅन्यन डायब्लो’, म्हणजे सैतानाची घळ. रेल्वेचा पूल उत्तरेला १८८२ मध्ये पुरा झाला. मोटारींसाठी काँक्रीटचा पूल व्हायला १९१५ साल उजाडले. पूल आला, वाहने आली आणि वाहनांमागून दुकानदार आले.

अर्ल आणि लुईस कंडिफ या दांपत्याने १९२२ मध्ये पुलाजवळची जमीन घेतली. किराणा, जेवण आणि पेट्रोल अशी साधी सोय त्यांनी उभी केली. १९२५ मध्ये त्यांनी जागेचा काही भाग हॅरी मिलर नावाच्या गृहस्थाला भाड्याने दिला. हा स्वतःला अपाची म्हणवून घेई आणि वेण्या सोडून हिंडे. त्याने घळीच्या काठावर पिंजरे बांधून पहाडी सिंहांसह रानटी जनावरांचे प्रदर्शन मांडले.

त्याहून मोठे भांडवल त्याला जमिनीखाली मिळाले. तेथे एक गुहा आहे. १८७८ मध्ये नवाहो वस्त्यांवर छापा घालून पळालेले अपाची या गुहेत लपले, नवाहोंनी तोंडाशी जाळ केला आणि धुराने ४२ जण गुदमरून मेले, अशी कथा आहे. मिलरने गुहा साफ करून आत दिवे लावले, वर जुन्या वस्तीचे नकली अवशेष रचले आणि तिकीट लावले. मृतांच्या कवट्याही त्याने आठवणवस्तू म्हणून विकल्या, असे सांगतात.

येथे अभ्यासकाने थबकायला हवे. या कथेचा बहुतेक तपशील ग्लॅडवेल रिचर्डसन यांच्या १९६८ च्या पुस्तिकेतून आलेला आहे. घटनेनंतर तब्बल ९० वर्षांनी लिहिणारे रिचर्डसन व्यापारी घराण्यातले होते, शिवाय ‘वेस्टर्न’ कादंबऱ्यांचे लेखक. म्हणून कथा खोटी ठरत नाही. पण ४२ हा आकडा लिहिताना तो कुठून आला हे सांगणे आपले काम आहे.

पुढचा भाग अधिक पक्का आहे. मार्च १९२६ मध्ये भाडेकराराच्या वादातून मिलरने नि:शस्त्र अर्ल कंडिफला गोळी घातली. खटल्यात तो निर्दोष सुटला. अर्लच्या थडग्यावर मारेकऱ्याचे नाव कोरले होते; ते विद्रूप केल्याबद्दल मात्र मिलरला तुरुंगवास झाला, असे सांगतात. १९३० च्या सुमारास तो येथून निघून गेला.

त्याच १९२६ च्या नोव्हेंबरात या रस्त्याला ‘रूट ६६’ हा क्रमांक मिळाला. लुईसने पुनर्विवाह केला आणि रस्ता सरकला तशी नवे दुकान व प्राणिसंग्रह उभारला. १९३८ मध्ये नवा पूल झाला आणि जुना निकामी ठरला. साठच्या दशकात मोटेल वगैरे काढून जागा पुन्हा सजवली गेली. १९७१ च्या आगीने तेही संपवले.

आज तेथे मिलरने रचलेले खोटे अवशेष आणि बंद पडलेल्या धंद्याचे खरे अवशेष शेजारी शेजारी ढासळत आहेत. दगड तेच, वाराही तोच. जागेला नाव राहिले ते मिलरने दिलेले. कंडिफ दांपत्याचा लॉज नकाशावरून गेला आणि गुहेतल्या मृतांपैकी एकाचेही नाव कुणी लिहून ठेवले नाही. ज्याने तिकीट लावले त्याचीच आठवण टिकली. अवशेष पाहताना भिंत कोणी बांधली याच्याबरोबर ती कोणाच्या फायद्यासाठी बांधली, हेही विचारले पाहिजे.