बर्नियेला न मिळालेली चाट

फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या दरबारातील दानिशमंद खान या उमरावाच्या पदरी होता. १ जुलै १६६३ रोजी त्याने दिल्लीहून मायदेशी एक लांबलचक पत्र लिहिले. शाहजहानची नवी राजधानी शाहजहानाबाद तेव्हा पुरती जुनीही झाली नव्हती. लाल किल्ल्यात बादशहाने मुक्काम हलवला तो १६४८ मध्ये. या पत्रात किल्ला आहे, जामा मशीद आहे आणि बाजारातल्या खाण्याबद्दल भरपूर कुरकुरही आहे.

भटाऱ्यांच्या भट्ट्या सदोष, त्यामुळे रोटी नीट भाजलेली नसते. मिठाईची दुकाने पुष्कळ, पण माल धुळीने आणि माश्यांनी भरलेला. शिजवलेले मांस विकणाऱ्यांवर तर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. ते उंटाचे, घोड्याचे की रोगाने मेलेल्या बैलाचे, कोण जाणे! मग हा गृहस्थ करायचा काय? किल्ल्यातल्या शाही मुदपाकखान्याच्या पुरवठादारांना चढा भाव देऊन तो तिथलाच माल नोकराकरवी मागवी. परदेशी पाहुण्याने स्थानिक वशिला लावावा, ही रीत तेव्हाही होती म्हणायची. कौतुक त्याने केले ते फळांचे. समरकंद-बुखाऱ्याकडून येणारी खरबुजे, आणि आंबे. दिल्लीचा आंबा त्याला बेताचाच वाटला. उत्तम म्हणून त्याने नावे घेतली ती बंगाल, गोवळकोंडा आणि गोव्याची. कोकणी वाचकाने इथे मान डोलवायला हरकत नाही.

आज पर्यटकाला ‘मुघलकालीन’ म्हणून जे खिलवले जाते, त्यातले बरेच काही बर्नियेला मागूनही मिळाले नसते. आलू चाट घ्या. बटाटा उत्तर हिंदुस्थानात घरोघरी पोहोचला तो इंग्रजी अमलात. मिरची पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली खरी, पण अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’तल्या मसाल्यांच्या भावयादीत मिरी आहे, मिरची नाही. चाटीच्या जन्माची एक कथा गाईड हमखास सांगतात: शहरातले पाणी बाधू लागले, तेव्हा शाही हकिमाने लोकांना तिखट-आंबट खायला सांगितले. बर्निये स्वतः वैद्य. दिल्लीच्या पाण्याला त्याने मनसोक्त नावे ठेवली, ते पिऊन पायात कृमी होतात इथपर्यंत लिहिले. या उताऱ्याचा मात्र त्याच्याकडे मागमूस नाही. कथा चविष्ट आहे, एवढेच.

पामेला टिम्स ही स्कॉटिश पत्रकार दिल्लीत राहायला आली ती एकविसाव्या शतकात. बर्नियेने जे टाळले, नेमके तेच तिने शोधले. सदर बाजारातल्या एका मटण कोर्म्याने तिला झपाटले आणि त्याच्या पाककृतीच्या मागे ती जुन्या दिल्लीच्या गल्ल्या पालथ्या घालत राहिली. ‘कोर्मा, खीर अँड किस्मत’ हे तिचे पुस्तक २०१४ मध्ये आले. पुस्तकाची मांडणी ऋतूंवर आहे, आणि हे मला तिच्या कुठल्याही पाककृतीपेक्षा मोलाचे वाटते. या शहराचे खाणे हवामानावर चालते, हे बाहेरच्या माणसाला कळायला वर्षभर तिथे राहावे लागते.

‘दौलत की चाट’ हा त्याचा सज्जड पुरावा. नावात चाट असली तरी तिखट-आंबटाशी तिचा काही संबंध नाही. सायीचे दूध थंडीच्या रात्री उघड्यावर ठेवायचे, पहाटे घुसळत बसायचे आणि वर येणारा फेस हलक्या हाताने काढून परातीत रचत जायचा. वर केशराचा पिवळा हात, भुरा साखर, खवा, पिस्ते. खोमचेवाले ती किनारी बाजार, चावडी बाजाराच्या परिसरात विकतात. ऊन चढले की फेस बसतो, म्हणून हा धंदा हिवाळ्याचाच. लखनऊत हीच निमिष, बनारसला मलइयो.

चांदनी चौकातल्या दरीब्याच्या कोपऱ्यावरचे जिलबीचे दुकान १८८४ चे, पराठेवाली गलीतली जुनी दुकाने त्याच्या थोडी आधीची, तर जामा मशिदीजवळच्या गली कबाबियांतले ‘करीम’ १९१३ चे. शहराच्या मानाने ही सगळी नातवंडे-पतवंडे. पदार्थांचे वय मात्र निराळे निघते. पुण्यात भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी १९४० च्या दशकात जिलबीचा इतिहास हस्तलिखितांतून खणून काढला आणि तिचा उल्लेख १४५० च्या सुमाराच्या एका जैन ग्रंथापर्यंत मागे नेला. म्हणजे शाहजहानाबादचा पाया घातला जाण्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे जिलबी या देशात होतीच. बर्नियेने नाके मुरडलेल्या त्या मिठायांत तीही असेल काय?

फाळणीने या बाजाराचा चेहरा आणखी पालटला. पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी छोले-भटुरे, लस्सी, रबडी-फालुद्याची दुकाने थाटली आणि दोन पिढ्यांत तीही ‘पुरानी दिल्ली’ झाली. उलट १७९० पासून चालत आलेल्या ‘घंटेवाला’ या मिठाईच्या दुकानाने २०१५ मध्ये दार लावले, तेव्हा देशभर बातम्या झाल्या.

२०२१ मध्ये चांदनी चौकाचा मुख्य रस्ता लाल दगडाने नव्याने बांधून खुला झाला. लाल किल्ल्याच्या बाजूने फतेहपुरी मशिदीपर्यंत, सकाळी ९ ते रात्री ९, मोटारींना बंदी. सुरुवातीलाच मराठा सरदार आप्पा गंगाधरांनी अठराव्या शतकात उभारलेले गौरीशंकर मंदिर लागते. फूड वॉकवाले परदेशी पाहुण्यांचा घोळका घेऊन त्याच्यासमोरून दरीब्याकडे वळतात. बर्नियेची धूळ बरीच कमी झाली आहे. माश्या आहेत.