बोलणें हाहि उपचार

मनांतील दुःख दुसऱ्यास सांगितलें म्हणजे हलकें होतें, हें गिरगांवच्या चाळींत कोणास शिकवावें लागत नाहीं. तथापि त्याच चाळींत एक गोष्ट कोणी बोलत नाहीं. आठवडेच्या आठवडे झोप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, जगण्यांत अर्थ वाटत नाहीं, हें सांगावें तर पातळ भिंतीपलीकडे ऐकूं जाईल, आणि मुलीचें लग्न जमवितांना नेमकी त्याचीच आठवण निघेल! अशा मौनांत दुखणें वाढतें आणि प्रसंगीं जिवावर बेततें.

संभाषणोपचार म्हणजे शेजाऱ्याचें सांत्वन नव्हे. शेजारी दोन वाक्यें ऐकतो, 'धीर धरा' म्हणतो आणि आपलीच कर्मकथा सुरू करतो. समुपदेशक ठरल्या वेळीं ऐकतो, नेमके प्रश्न विचारतो आणि ऐकलेलें गुप्त ठेवतो. खिन्न मनुष्य बाहेर पडणें सोडतो; त्यामुळें ज्या गोष्टींनीं त्यास बरें वाटे त्या दुरावतात; आणि त्या दुरावल्यानें खिन्नता अधिकच वाढते. हें चक्र त्याचें त्यास दिसावें म्हणून दिवसभरांत काय केलें व तेव्हां मन कसें होतें, हें तो टिपून ठेवतो. मग एखादी लहानशी कृति ठरते : मन होवो वा न होवो, सायंकाळीं दादरच्या शिवाजी पार्कला एक फेरी. पुढच्या भेटींत तिचा हिशेब होतो.

मनाच्या दुखण्यास साध्या रुग्णालयांत उपचार मिळावे, हा विचार मुंबईस नवा नाहीं. डॉ. के. आर. मसानी ह्यांनीं १९३८ सालीं जे. जे. रुग्णालयांत मनोविकारांसाठीं बाह्यरुग्ण विभाग उघडला. आज परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतहि मनोविकार विभाग आहे.

परंतु बोलण्याचा गुण टिकतो काय? ह्याचें उत्तर शेजारच्या गोव्यांत मिळालें. 'संगाथ' ह्या संस्थेनें तीव्र खिन्नतेच्या ४९५ प्रौढ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेलीं सामान्य माणसें होतीं. भेटी सहा ते आठच. तीन महिन्यांनीं पाहतां, भेटी मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६४ रोगमुक्त झाले होते, केवळ नेहमींचे उपचार मिळालेल्यांपैकीं ३९. वर्षानें हेच आंकडे ६३ व ४८ होते. अंतर कमी झालें खरें, कारण दुसऱ्या गटांतीलहि कांहीं सुधारले. पण भेटी थांबून कित्येक महिने लोटल्यावरहि पहिल्या गटाचा लाभ ओसरला नाहीं. समुपदेशक गेला, तरी शिकविलेली रीत रुग्णापाशीं राहिली, असाच ह्याचा अर्थ दिसतो. अर्थात् कांहीं विकारांस औषध लागतेंच. तें डॉक्टरांस न विचारतां सोडूं नये.

२०२२ सालापासून 'टेलि-मानस' ह्या सरकारी सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें, तेंहि मराठींत. खोलींत सोय नसेल तर चाळीची गच्ची आहेच.